लोखंडी हात काढून ठेवल्यावर

गजा, काल तुझी तेरवी झाली. वांग्याची भाजी तुला आवडते तशी तिखटजाळ झाली होती, आणि तुझ्या ऑफिसातले लोक पंगतीत बसून एकमेकांना सांगत होते की गजाननराव फार शांत स्वभावाचे. शांत! माझ्या हातात वरणाची बादली होती म्हणून गप्प राहिलो. एका नियमावरून ज्यानं माझ्याशी बारा वर्षं वाद घातला, तो शांत? मग कुणीतरी सुनीलला विचारलं, तुम्ही तिघं दोस्त कसे झाले? तर हा गडी म्हणतो, "आम्ही मिळून एक खेळ खेळत होतो. सापशिडीसारखा." मी बादली खाली ठेवली आणि मागच्या अंगणात निघून आलो.

सापशिडी नव्हती रे ती. पण त्या लोकांना मी तरी काय सांगणार होतो? पुढच्या जमान्यातलं एक शहर आहे. तिथली माणसं आपले हातपाय, डोळे काढून त्या जागी यंत्रं बसवून घेतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकेक कागद, पेन्सिल आणि तोंड, एवढंच सामान. सुनील आणि मी त्या शहरातली दोन माणसं, आणि बाकीचं शहर म्हणजे तू. पोलीस तू, डॉक्टर तू, गुंड तू, पाऊसही तूच. तू सांगायचास काय दिसतंय ते, आम्ही सांगायचो काय करतो ते, आणि जमलं की फसलं हे आकड्यावर. खेळाच्या इंग्रजी पुस्तकात दहा बाजूंचा फासा सांगितला होता. तो आर्वीत कुठून आणायचा? माझ्या बहिणीच्या हौजीतले एक ते दहा आकडे आपण चहाच्या डब्यात टाकले आणि डोळे मिटून काढू लागलो. बहीण हौजी खेळायला बसली की पहिले दहा आकडे कधी निघायचेच नाहीत.

दर रविवारी दुपारी, आमच्या भांड्यांच्या दुकानामागच्या खोलीत, गंजांच्या आणि हंड्यांच्या उतरंडीत. आपण तेव्हा विशी गाठत होतो. त्या वयाची बाकीची पोरं क्रिकेट खेळत नाहीतर पोरींच्या कॉलेजसमोर चकरा मारत. आपण तिघं मात्र लोखंडी हातानं दरवाजा तुटेल की नाही यावर घसे कोरडे करत बसलेलो.

सगळ्या भांडणाचं मूळ ते पुस्तक. तू वर्ध्याला पॉलिटेक्निकच्या होस्टेलवर होतास, रविवारी घरी यायचास. तिथं हैदराबादकडच्या एका पोराकडे तुला ते सापडलं. त्यानं एका दिवसासाठी दिलं. तू झेरॉक्सवाल्याकडे धावलास, आणि त्या शहाण्यानं कागद वाचवायला दोन-दोन पानं एकत्र आडवी ठेवून काढली. प्रत्येक पानाच्या खालच्या दोन-तीन ओळी कापल्या गेल्या. तुझ्या लक्षात आलं ते आर्वीच्या एसटीत बसल्यावर. आणि तुला माहीतच आहे, त्या पुस्तकात वर मोठमोठे तक्ते होते आणि अटी, सवलती, अपवाद असं जे काही कामाचं असायचं ते तक्त्याखाली बारीक अक्षरात. म्हणजे यंत्रं किती, कुठं, कशी बसवायची हे सगळं आपल्याकडे होतं. बसवल्यावर काय होतं ते कापलं गेलं होतं. मी म्हटलं परत जा, पुन्हा काढून आण. तो पोरगा तोवर कॉलेज सोडून गावी गेला होता. त्याचा पत्ता तू घेतला नव्हतास. का घेतला नव्हतास? यावरही आपण वर्षभर भांडलो.

मग तू तुझा मार्ग काढलास. तुझे वडील तहसिलीबाहेर अर्ज लिहायला बसायचे. लहानपणापासून तू त्यांच्या शेजारी बसून सातबारा, वारसान आणि हरकती ऐकत वाढलेला. पुस्तक जिथं गप्प आहे तिथं तू रीतसर प्रकरण सुरू करायचास. मी लेखी अर्ज द्यायचा. सुनीलनं हरकत असेल तर नोंदवायची. तू साक्षीपुरावा घ्यायचास आणि पुढच्या रविवारी उभा राहून निकाल वाचायचास. "सबब अर्जदाराचे म्हणणे अंशतः मान्य करण्यात येते." मला त्या 'अंशतः'ची चीड होती. एकदा तरी पूर्ण मान्य कर ना लेका! तू कधीच केलं नाहीस.

पण साक्षीपुरावा म्हणजे तू खरोखरचे साक्षीदार घ्यायचास हे मात्र कबूल करायला हवं. माझ्या माणसाचं नाव बजरंग. त्यानं उजवा हात काढून लोखंडी बसवला. पुस्तकात लिहिलं होतं, या हाताची ताकद साध्या हाताच्या चौपट. मी म्हटलं, मग बजरंग गाडी उचलून फेकणार. तू म्हटलंस, थांब. आणि भर उन्हात मला सायकलवर डबलसीट घेऊन बाजार समितीच्या यार्डात गेलास. कापसाचा हंगाम होता. रामाजी हमाल गंजीच्या सावलीत बिडी पीत बसले होते. साठीचा माणूस, पण पाठ दरवाज्यासारखी रुंद.

"मामा," तू अगदी गंभीरपणे विचारलंस, "समजा तुमचा एक हात लोखंडाचा केला. चार मान्सायच्या ताकदीचा. त तुमी आता उचलता त्याच्या चौपट बोजा उचलसान का?"

रामाजींनी आधी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. थट्टा चाललेली नाही हे कळल्यावर त्यांनी बिडी विझवली.

"हातानं कोन उचलते बापू? बोजा येते कमरीवर आन पायावर. हात त निस्ता धराले राह्यते. तू हात लोखंडाचा करसीन त बोजा सुटनार नाई, हे खरं. पन कंबर त माहीच हाय न? ते मोडन."

"मंग काय करा लागन?" मी विचारलं.

"मंग कंबर बी लोखंडाची कर. आन मंग पाय. आन मंग मी काऊन पाह्यजे? एक क्रेनच आन ना."

परत येताना तू सायकल चालवत हसत होतास आणि मी मागे फणफणत होतो. निकाल लागला: लोखंडी हातानं पकड सुटणार नाही, पण उचलण्याची ताकद कमरेइतकीच. त्या दिवशी मला इतका राग आला होता की मी तुला चहाही विचारला नाही. पण आज सांगतो, तो निकाल उत्तम होता. तेव्हा म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? बिघडलं काहीच नसतं. म्हटलं नाही.

आता मुख्य प्रकरण. तू गेलास तरी मी ते सोडणार नाही.

त्या पुस्तकात प्रत्येक माणसाला ताकद, चपळाई यांच्यासारखे आणखी एका गोष्टीचे गुण असायचे. इंग्रजी शब्दाला आपण शब्दकोश काढून 'माणुसकी' असा शब्द बसवला. शरीरात जितकी यंत्रं घालाल तितके माणुसकीचे गुण कापले जाणार. गुण शून्यावर आले की तो माणूस तुमच्या हातून गेला. त्याचे गुण लिहिलेला कागद तुझ्याकडे जमा आणि तो पुढं तुझ्या मर्जीनं वागणार. बजरंगनं हात केला, डोळा केला, मग एक पाय. हाव माझीच, मान्य आहे. गुण उरले चार. मी घाबरलो आणि बजरंगला डॉक्टरकडे नेऊन लोखंडी हात काढून घेतला, साधा हाडामांसाचा हात लावला. आणि तुला म्हटलं, हाताचे कापलेले गुण परत दे.

तक्त्यात कापायचे किती ते होतं. यंत्र काढून ठेवल्यावर परत द्यायचे का, ते असलंच तर खालच्या कापलेल्या ओळींत.

तू म्हणालास, "नाई भेटत."

"काऊन नाई? यंत्र गेलं, त त्याचा परिनाम बी गेला."

"दुधात लिंबू पिळलं आन मंग साल काढून फेकली, त दूध सुदं होते का बे?"

मी म्हटलं, माणसाचं दूध करू नको. माझ्या आत्यानं कवळी बसवली आहे, झोपताना काढून ठेवते. तेवढ्या वेळात तिची माणुसकी वाढते आणि सकाळी पुन्हा कमी होते का? तू म्हणालास, आत्याची माणुसकी मुळातच कमी आहे, तो पुरावा चालणार नाही. सुनील हसून हसून हंड्यावर पडला. मग मी भिंतीकडे बोट दाखवून म्हटलं, खिळा ठोकला, उपटला, भोक बुजवता येतं की नाही? तू बराच वेळ विचार केलास. मला वाटलं, जिंकलो.

"येते," तू म्हणालास. "पन खिळा उपटल्यानं नाई बुजत. कोनीतरी येऊन बुजवा लागते. तू असं कर, एक साक्षीदार आन. ज्याची मानुसकी खरोखर गेली होती आन परत आली, असा जिता मानूस. मी त्याले इचारतो. तवापर्यंत निकाल राखून ठेवतो."

कुठून आणणार होतो असा माणूस? बजरंगचा कागद चार गुणांवर थांबला. पुढं तू नोकरीला लागून कायमचा वर्ध्याला गेलास, नालवाडीत घर केलंस. सुनीलचं लग्न झालं. बाबांनी मला गल्ल्यावर बसवलं. खेळ सुटला. पण प्रकरण सुटलं नाही. एसटीडीवरून फोन केला की मी विचारायचो, "निकाल?" आणि तू म्हणायचास, "साक्षीदार?" तुझ्या लग्नात अक्षता टाकून झाल्यावर स्टेजवर येऊन मी तुला हेच विचारलं होतं. वहिनींना वाटलं, कोर्टात काही भानगड आहे. मग आर्वीत नेट कॅफे आला तेव्हा मी तासभर शोधून पाहिलं. काय सापडलं माहीत आहे? तुला माहीत आहे, मीच फोन करून सांगितलं होतं. जगभरातले लोक नेमक्या याच नियमावर भांडत होते. पुस्तक पूर्ण, सगळ्या ओळी शाबूत, तरी भांडत होते. खालच्या ओळींत सुद्धा धड काही लिहिलेलं नव्हतं! मी तुला म्हटलं, गजा, झेरॉक्सवाल्याला आपण उगाच शिव्या दिल्या. तू एवढंच विचारलंस, "त्याईच्यातल्या कोनी हमालाले इचारलं का?"

मी चिडून फोन ठेवला आणि दुकानात बसून एकटाच हसत राहिलो.

हे तुला कधी बोललो नाही, पण ऐक. आमच्या घरात माझ्या बोलण्याला किंमत नव्हती. बाबा म्हणतील ती पूर्व. मी बोललेलं नीट ऐकून, त्यावर आठवडाभर विचार करून मला लेखी उत्तर देणारा आख्ख्या आर्वीत तू एकटा होतास. त्यातले नव्वद टक्के निकाल माझ्याविरुद्ध होते, ते सोड.

मग दीड वर्षापूर्वी नागपूरला तुझं ऑपरेशन झालं. हृदयातली झडप खराब झालेली, डॉक्टरांनी धातूची बसवली. दवाखान्यात तुला पाहायला आलो. तू पांढराफटक पडलेला, आणि मला काय बोलावं कळेना म्हणून मी म्हटलं, "गजा, हृदयाचे किती गुन कापाचे रे? तक्त्यात पाहून सांगजो." तू छाती धरून हसलास. टाके दुखले म्हणून नर्स माझ्यावर ओरडली. तेवढं बरं झालं. ती थट्टा तिथंच संपायला हवी होती.

श्रावणात माझे बाबा गेले. सगळे आले. सुनील पहिल्या दिवसापासून होता. तुला फोन केला, तू म्हणालास येतो. अंत्ययात्रेला आला नाहीस. रोज लोक भेटायला येत, सतरंजीवर गप्प बसत, मी दाराकडे बघायचो. दहाव्याला नाही, तेरवीला नाही. वर्धा ते आर्वी, असं किती लांब आहे? महिन्याभरानं मी स्वतः नालवाडीला आलो. तुझ्या बैठकीत उभ्यानंच विचारलं, काऊन नाई आला? तू म्हणालास, "जमलं नाई दिल्या." बस. एवढंच. ज्या माणसानं कवळीवर अर्धा तास युक्तिवाद केला त्यानं माझ्या बापाच्या मरणावर तीन शब्द काढले.

तेव्हा मी ते बोललो. शब्द न् शब्द आठवतो. "तुझे गुन संपले गजा. मशीन बसवलं न, त मशीनच झाला तू. मानुसकी उरलीच नाई तुझ्यात."

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्या तशाच थांबल्या. मी वाट पाहत होतो की तू भांडशील. पुरावा काय म्हणशील, हरकत नोंदवशील, 'अंशतः' म्हणशील. तू म्हणालास, "बरं." खोलीत इतकी शांतता झाली की घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मी चहा न घेता निघालो.

काल पंगती उठल्यावर वहिनी माझ्यापाशी अंगणात येऊन बसल्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या बाबाच्या वक्ती हे नाई आले, त्याचा राग नोका धरू. कपडे घालून तयार झालते. दोन खेपा स्टँडवर जाऊन वापस आले."

"मंग आला काऊन नाई?"

"ते झडप वाजते न. शांत जागी लई ऐकू येते. ऑफिसातल्या एकाच्या मयतीले गेलते, सारे गप्प बसले होते, आन एक लेकरू मोठ्यानं म्हने, या काकाच्या पोटात घड्याळ हाय. सारे पाहाले लागले. तवापासून मयतीले जातच नव्हते. म्हनत, दिल्याचा बाप गेला, आन लोकं माह्या छातीकडे पाहतीन."

मी उठून बैठकीत गेलो. चारही भिंती पाहिल्या. तुझ्या बैठकीत घड्याळ नाही, गजा.

तुला तोंड नव्हतं का रे? बारा वर्षं माझं डोकं खाल्लंस आणि एवढी एक गोष्ट सांगता आली नाही? मी सगळ्यांना मोठ्यानं बोलायला लावलं असतं. रेडिओ लावला असता. बाबांच्या दिवसांत भांडी वाजवत बसलो असतो, घरात भांड्यांना काय तोटा? ते काही नाही तर आपण दोघं मागच्या खोलीत बसलो असतो. पण तू लाजलास. आणि लाजलास ते माझ्यापुढं! मला तुझा इतका राग आलाय की तू समोर असतास तर गचांडी धरली असती. आणि त्याहून जास्त राग याचा की तू ते 'बरं' म्हणालास. त्या एका निकालावर अपील करायला हवं होतंस. तो निकाल चूक होता. अर्ज नाही, साक्ष नाही, तुझं म्हणणं ऐकलेलं नाही. पुस्तकात कुठंही असा नियम नाही की दिलीपनं रागात म्हटलं म्हणून समोरच्याचे गुण शून्य होतात. मी तो मागे घेतो. ऐकलंस? पूर्ण मागे घेतो, अंशतः नाही. पण आता मागे घेऊन कुणाला देऊ?

वहिनींना मी विचारलं, त्या दिवशी मी गेल्यावर तो काय म्हणाला. मला वाटलं, शिव्या दिल्या असतील. त्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

"काई नाई. म्हने, दिल्या तापट हाय, येइन रविवारी भांडाले. मले म्हने पोहे जास्तीचे कर. मंग त्या रविवारी सकाळपासून ओट्यावर बसून होते. पुढच्या रविवारी बी. तिसऱ्या रविवारी बी बसले होते, दुपारी म्हने, दुकानात काम असन त्याले."

त्याच्या दुसऱ्या दिवशी तू गेलास.

दुकान रविवारी बंद असतं, गजा. काही काम नव्हतं. तिन्ही रविवार मी घरीच होतो.